नवी सिस्टम टाकण्याआधी: डिस्कचे पार्टिशन कोणत्या टूलने करावे?

शाळा सुटली की गेटवर पालक आम्हाला थांबवतात. पूर्वी प्रश्न ठरलेले असायचे. शिष्यवृत्तीचा फॉर्म, जन्मदाखल्यातली नावाची चूक, अकरावीचा ऑनलाइन प्रवेश. गेल्या काही महिन्यांत त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "सर, घरचा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही म्हणतो. त्यात लिनक्स टाकायचं आहे. पार्टिशनचं कुठलं सॉफ्टवेअर डाउनलोड करू?"

हा प्रश्न आताच का आला, ते आधी सांगतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपवला. घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, एवढीच मुदतवाढ. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आमच्या दिंडोशी, कुरार, पठाणवाडीच्या घरांत जे लॅपटॉप आहेत, त्यातले बरेच सेकंडहँड घेतलेले, सहाव्या-सातव्या पिढीचे. मशीन धडधाकट आहे, पण कंपनीच्या यादीत त्याचे नाव नाही. अशा वेळी लिनक्स मिंट किंवा उबंटूसारखी मोफत सिस्टम टाकणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असली तर चांगले. डिस्कवर किमान २० जीबी जागा लागते.

पण आपल्या घरांत विंडोज पूर्ण काढून टाकता येत नाही, याचेही कारण आहे. उर्दू माध्यमाच्या शिक्षकांच्या, मदरशांच्या, लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर इनपेज असते. हे सॉफ्टवेअर १९९४ पासून चालत आले आहे आणि ते विंडोजवर चालते. त्याची फाइल लिनक्सच्या लिबरऑफिसमध्ये उघडत नाही. मराठीचे तसेच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत टाइप केलेले जुने मजकूर अजून घरोघरी आहेत. म्हणून बहुतेकांना पाहिजे असते ते हे: विंडोज आहे तिथे राहावे आणि शेजारी लिनक्स बसावे. एका डिस्कवर दोन बिऱ्हाडे. पार्टिशनचा प्रश्न इथेच येतो.

दिंडोशीत राहणाऱ्याला पार्टिशन समजावून सांगावे लागत नाही. दहा बाय पंधराची खोली, मुलाचे लग्न ठरले, की सुतार येतो आणि प्लायवूडची भिंत घालतो. खोली तेवढीच, बिऱ्हाडे दोन. डिस्कचेही तेच. फरक एक आहे. भिंत घालताना चूक झाली तर सुतार खिळे काढून पुन्हा ठोकतो. डिस्कवर भिंत चुकीच्या जागी पडली, तर पलीकडचे सामानच दिसेनासे होते.

आता त्या प्रश्नाचे उत्तर. दहापैकी नऊ वेळा काहीही डाउनलोड करायची गरज नसते. जी टूल लागतात ती तुमच्याकडे आधीच आहेत. एक विंडोजमध्ये आहे, दुसरी लिनक्सच्या पेनड्राइव्हवर. कोणत्या कामाला कोणती वापरायची, एवढेच ठरवायचे आहे. आम्ही मुलांना असे सांगतो: विंडोजची जागा विंडोजनेच कमी करावी, आणि लिनक्सची जागा लिनक्सनेच बांधावी. एकाच्या घरात दुसऱ्याने हातोडा चालवू नये.

विंडोजकडची टूल म्हणजे 'डिस्क मॅनेजमेंट'. स्टार्ट बटणावर राइट क्लिक केले की यादीत दिसते. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडायचे. ही सोय व्हिस्टापासून आहे. टूल साधी आहे, फारशी हुशार नाही, पण तिला एक गोष्ट पक्की माहीत आहे: विंडोजच्या कोणत्या फाइली जागेवरून हलवता येत नाहीत. खोलीतले कपाट सरकवता येते, मोरी सरकवता येत नाही. पेज फाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टम रिस्टोअरच्या नोंदी या विंडोजच्या मोऱ्या आहेत. त्या ड्राइव्हच्या मध्यावर कुठेतरी असल्या, की १२० जीबी रिकामे असूनही श्रिंक तुम्हाला ४० जीबीच देतो. इथे लोक चिडतात आणि बाहेरचे सॉफ्टवेअर शोधायला जातात. तसे करू नका. हायबरनेशन बंद करा, सिस्टम रिस्टोअर आणि पेज फाइल तात्पुरती बंद करा, मशीन रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक बघा. बहुतेक वेळा आकडा वाढलेला असतो. काम झाले की पेज फाइल आणि रिस्टोअर पुन्हा चालू करायला विसरू नका.

श्रिंकच्या चौकटीत आकडा एमबीमध्ये मागतात. ६० जीबी हवे असतील तर ६० गुणिले १०२४, म्हणजे ६१४४०. सहावीतले मूलही हे करते, पण घाईत ६० लिहिणारे पालक आम्ही पाहिले आहेत.

जागा मोकळी झाली की ती डिस्क मॅनेजमेंटमध्ये काळ्या पट्टीने 'अनअलोकेटेड' म्हणून दिसते. तिथे थांबायचे. त्या जागेवर विंडोजमधून नवीन ड्राइव्ह बनवायचा नाही. विंडोज त्यावर आपली एनटीएफएस पद्धत घालेल आणि लिनक्सला पाहिजे असते ईएक्सटी४. शिवाय तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आणखी एक अडचण होते. एमबीआर १९८३ मधली पद्धत आहे. तिच्यात प्रायमरी पार्टिशन चारच मावतात आणि २ टीबीच्या पुढची जागा तिला मोजता येत नाही. लॅपटॉप कंपनीने आधीच तीन-चार पार्टिशन बनवून दिलेली असली, की पाचव्याला दार बंद. त्यानंतरच्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ पर्यंत पार्टिशन मानते, म्हणून तिथे ही चिंता नाही. आपली कोणती आहे, ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या 'व्हॉल्यूम्स' या पानावर लिहिलेले असते. काही सुरू करण्याआधी ते बघून वहीत लिहून ठेवा.

लिनक्सच्या बाजूची टूल म्हणजे जीपार्टेड. २००४ च्या सुमारास आलेली, मोफत, आणि आम्हाला विचाराल तर वर्गात शिकवायला सर्वात चांगली. लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केले की इन्स्टॉल न करताही ती उघडते. तिची खुबी अशी की तुम्ही काहीही सांगा, ती लगेच करत नाही. खाली यादीत लिहून ठेवते: हे छोटे कर, ते नवीन बनव. वरच्या 'अप्लाय'च्या खुणेवर दाबेपर्यंत डिस्कला हात लागलेला नसतो. चुकले तर 'अनडू' करा. म्हणजे कच्च्या वहीत गणित करून मग पक्क्यात उतरवण्यासारखे. मात्र 'अप्लाय' दाबल्यानंतर अनडू नाही, हेही तितकेच खरे.

जीपार्टेड विंडोजचे पार्टिशनही छोटे करू शकते. मग आम्ही विंडोजचीच टूल वापरा असे का म्हणतो? एक तर विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. आपण शट डाउन केले तरी विंडोज पूर्ण झोपत नाही, अर्धवट जागे असते. तसे असताना जीपार्टेड त्या पार्टिशनला हात लावायला नकार देते, आणि ते बरोबरच आहे. दुसरे कारण बिटलॉकर. काही लॅपटॉपवर मालकाला न कळत डिस्कला कुलूप लागलेले असते. जीपार्टेडला ते कुलूप दिसते, पण त्याच्या आतली जागा कमी-जास्त करता येत नाही. विंडोजला येते, कारण किल्ली त्याच्याकडेच आहे.

तुमची स्वतःची किल्ली म्हणजे ४८ आकड्यांची रिकव्हरी की. ती साधारणपणे मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप दुकानातून घेतला असेल आणि खाते दुकानदाराने बनवून दिले असेल, तर आजच तपासा की त्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का. नवी सिस्टम टाकल्यावर विंडोज ती की मागू शकते. की नसेल तर आतला डेटा गेला असे समजा. कुठलेही टूल तो उघडून देत नाही. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' चालू दिसले तर आधी ते बंद करा आणि डिस्क पूर्ण उघडेपर्यंत थांबा. तासभर लागेल. लागू द्या.

तिसरी टूल इन्स्टॉलरच्या आतच असते. मिंट टाकताना तो विचारतो: विंडोजच्या शेजारी टाकू, की पूर्ण डिस्क पुसून टाकू, की काहीतरी वेगळे? इंग्रजीत ही तीन वाक्ये एकाखाली एक येतात. 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट' हे त्यातले घरे उद्ध्वस्त करणारे वाक्य. ज्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे ते 'इन्स्टॉल' शब्द दिसला की पुढे जातात. आमच्या ओळखीच्या एका घरात असेच झाले. मुलीने कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्स मागितले, ओळखीच्या मुलाने अर्ध्या तासात टाकून दिले, आणि थोरल्या बहिणीच्या निकाहचे फोटो, दादीच्या आवाजातले रेकॉर्डिंग, वडिलांच्या दुकानाचा सगळा हिशेब त्या अर्ध्या तासात गेला. लॅपटॉपमध्ये एसएसडी होती. एसएसडी रिकामी झालेली जागा आतल्या आत साफ करत राहते, म्हणून तिच्यातून परत मिळवणे फार कठीण असते. त्या घरात कोणी त्या मुलाला बोलले नाही. तो बिचारा मदतच करायला आला होता.

विंडोज मोकळे करून ठेवले असेल तर 'शेजारी टाकू' हा पर्याय चालतो. आम्ही मात्र 'समथिंग एल्स' निवडतो, कारण त्यात प्रत्येक पार्टिशन डोळ्यांनी दिसते. मोकळ्या जागेवर क्लिक करायचे, ईएक्सटी४ निवडायचे, माउंट पॉइंटमध्ये तिरपी रेघ द्यायची. झालं. स्वॅपसाठी आता वेगळे पार्टिशन लागत नाही, मिंट त्याची फाइल बनवते. १०० एमबीच्या आसपासचे जे छोटे 'ईएफआय' पार्टिशन दिसते, त्याला फॉरमॅटची खूण चुकूनही लावू नका. दोन्ही बिऱ्हाडांचा मुख्य दरवाजा तोच आहे.

कधी कधी इन्स्टॉलरमध्ये डिस्क दिसतच नाही. तेव्हा डिस्क खराब झाली असे समजू नका. काही लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा रेड असे सेटिंग असते आणि लिनक्सला त्याच्या पलीकडचे दिसत नाही. ते सेटिंग सरळ बदलले तर विंडोज सुरू होत नाही. हे काम जाणकार माणसासमोर करावे.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. विंडोजमध्ये 'डिस्कपार्ट' नावाची काळ्या पडद्यावरची टूल आहे. तिच्यात डिस्कचा नंबर सांगायचा आणि 'क्लीन' लिहून एंटर मारायचे. ती "नक्की का?" असे विचारत नाही. एका रविवारी आम्हाला १६ जीबीचा पेनड्राइव्ह साफ करायचा होता. शेजारी ५०० जीबीची बाहेरची हार्ड डिस्क लावलेली राहिली होती. डिस्क १ आणि डिस्क २ यांत आम्ही १ धरली. एंटर मारला, एका क्षणात ओळ आली की साफ झाले. त्या डिस्कवर पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या, आणि मरहूम अब्बांचा आवाज होता. ते फज्रनंतर तिलावत करत, त्याचे आम्ही मोबाइलवर केलेले रेकॉर्डिंग.

आम्ही एकच गोष्ट बरोबर केली. पुढे काहीच केले नाही. विंडोजने "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" असे विचारले तेव्हा नाही म्हटले आणि केबल काढली. 'क्लीन' पार्टिशनची यादी पुसते, आतले सामान तिथेच असते. दुसऱ्या दिवशी टेस्टडिस्क नावाच्या मोफत टूलने जुन्या पार्टिशनची खूण शोधली, सापडली, आणि काही परत लिहिण्याआधी फाइली रात्रभर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. आमची डिस्क फिरणारी, जुन्या पद्धतीची होती म्हणून हे जमले. त्या दिवसापासून आम्ही डिस्कपार्ट वापरत नाही. आणि नवीन सिस्टम टाकताना, जी डिस्क कामाची नाही तिची केबल काढून कपाटात ठेवतो.

डिस्क ओळखायला आकड्यांचा उपयोग होतो. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. म्हणून २५६ जीबीची एसएसडी २३८ दिसते, ५०० ची ४६५, १ टीबीची ९३१. कोणी डिस्क चोरलेली नसते. लिनक्समध्ये डिस्कची नावेही वेगळी असतात, एसडीए, एसडीबी, एनव्हीएमई, आणि डिस्क लावण्याच्या क्रमाने एसडीएची एसडीबी होऊ शकते. नावावर जाऊ नका, आकारावर जा.

राहिली बाहेरची टूल. मिनीटूल, ईझअस, एओएमईआय यांची पार्टिशन सॉफ्टवेअर चांगली आहेत. पार्टिशन डावीकडे-उजवीकडे सरकवणे, एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर करणे यात त्यांची सोय होते. मोफत आवृत्तीत काही कामे बंद असतात आणि आपल्या लोकांची खरी पंचाईत तिथे होते. मग 'क्रॅक' शोधतात. डिस्कच्या मुळापर्यंत हात घालणाऱ्या टूलची चोरीची प्रत, कोणी बदललेली, कुठून आली माहीत नाही, ती घरच्या एकुलत्या एका लॅपटॉपवर चालवायची! घराची किल्ली रस्त्यावरच्या माणसाला देण्यासारखे आहे हे. वर ती चोरीच. लॅपटॉप दुसऱ्याचा असेल तर अमानतीचाही प्रश्न येतो.

पार्टिशन सरकवणे हे काम शक्यतो टाळाच. उजव्या टोकाची रिकामी जागा कापणे सोपे असते. सुरुवात सरकवायची तर आतला प्रत्येक कण नव्या जागी लिहावा लागतो, तासन्‌तास. तेवढ्यात मेन स्विच पडला आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली, तर टूल कोणतीही असो, अर्धे इकडे अर्धे तिकडे.

बॅकअपबद्दल लांबण लावत नाही. आधार, रेशनकार्ड, दाखले, गुणपत्रिका, फोटो, इनपेजच्या फाइली एका बाहेरच्या डिस्कवर आणि शक्य तेवढे ऑनलाइन. कॉपी झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन-चार फाइली उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप आम्ही बॅकअप मानत नाही.

ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आहे. त्यात लिनक्स, लिबरऑफिस वगैरे विषयांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतही आहेत, मोफत. आपल्याकडून फिल्मसिटी रोडला बस पकडली तर पवई फार लांब नाही, पण या धड्यांसाठी जावेही लागत नाही. आपल्या देशाची सिस्टमही आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' लिनक्स, भारतीय भाषांसाठी बनवलेली. पार्टिशनची पद्धत तिच्यातही जवळपास हीच.

मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीचे अब्बा, जे स्वतः उर्दू शिकवतात, लॅपटॉप घेऊन आले. सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी. बॅकअप मुलीनेच घेतला, तिनेच उघडून बघितला. श्रिंकने आधी ४१ जीबी दाखवले. हायबरनेशन, रिस्टोअर, पेज फाइल बंद केल्यावर ८३. तिने ६१४४० लिहिले. मग मिंटचा पेनड्राइव्ह, जीपार्टेडमध्ये काळजीपूर्वक एक नजर, 'समथिंग एल्स', मोकळी जागा, ईएक्सटी४. सगळे मिळून दोन तास, त्यात दीड तास बॅकअपचा आणि चहाचा.

मशीन सुरू झाल्यावर दोन सिस्टमची यादी आली. अब्बांनी विंडोज निवडले, इनपेज उघडले, घटक चाचणीची प्रश्नपत्रिका पडद्यावर आली तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एक ओळ दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की विंडोज गायब झाले. गायब झाले नव्हते. ती यादी दहा सेकंद थांबते आणि कोणी काही निवडले नाही तर पहिल्या नावाने, म्हणजे मिंटने, सुरू होते. ते बटण दाबून चष्मा आणायला गेले होते.